कर्नल कंपाइल करताना डिस्क हरवू नये म्हणून

स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा, पहिल्यांदा सुरू करताना बहुतेक नवखे एकाच ठिकाणी अडतात. पडद्यावर ओळी भराभर सरकतात, मग थांबतात, आणि तळाशी ‘कर्नल पॅनिक’ व त्यापुढे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं काहीतरी उरतं. मशीन बिघडलेलं नसतं, डिस्कही धडधाकट असते. कर्नलपासून डिस्कवरच्या फायलींपर्यंत पाच कड्यांची साखळी असते: कंट्रोलरचा ड्रायव्हर, डिस्कचा थर, पार्टिशन तक्ता, फाइलसिस्टिम आणि ‘रूट (म्हणजे सिस्टिमची मुख्य फाइलसिस्टिम) अमुक ठिकाणी आहे’ हे सांगणारी बूटची ओळ. त्यातली एक जरी गळली तरी निकाल तोच.

गोव्यातल्या फर्मागुढीला इंजिनीअरिंग करणाऱ्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप असो की म्हापशाच्या बाजारातल्या दुकानाचा दहा वर्षं जुना डेस्कटॉप, पद्धत एकच. पुढचं सगळं डेबियन आणि उबुंटू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. आज्ञा आणि मेनूतली नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टाइप करताना आज्ञा रोमन लहान अक्षरांत लिहायच्या; एका नावाच्या मध्ये जागा सोडायची नाही, पण ‘मेक’ आणि त्यापुढचा शब्द यांत एक जागा सोडायची.

आधी मशीनला विचारा

चालू असलेल्या कर्नलवर डिस्क दिसते आहे, म्हणजे उत्तर मशीनमध्येच आहे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवा. प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. साटा (केबलने जोडलेल्या नेहमीच्या डिस्कच्या) कंट्रोलरखाली बहुधा ‘एएचसीआय’ दिसेल, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) खाली ‘एनव्हीएमई’. फार जुन्या इंटेल बोर्डावर, किंवा बायोसमध्ये साटा ‘आयडीई’ मोडवर ठेवलेला असेल तर, ‘एटीए पिक्स’ दिसतो. ही नावं कागदावर लिहून ठेवा. स्क्रीनशॉट काढला तर तो ज्या मशीनवर आहे तेच उद्या बूट होणार नाही.

मग ‘एलएसबीएलके’ ला ‘एफ’ पर्याय देऊन पाहा. कोणत्या पार्टिशनवर कोणती फाइलसिस्टिम आहे ते कळतं. रूट बहुधा एक्स्ट४ असतं, यूईएफआय मशीनवर ‘बूट’ खालची ‘ईएफआय’ पार्टिशन व्हीफॅट असते. नावांवरूनही बरंच समजतं. ‘एसडीए’ म्हणजे साटा किंवा यूएसबी डिस्क, ‘एनव्हीएमई०एन१’ म्हणजे एनव्हीएमई, ‘एमएमसीबीएलके०’ म्हणजे स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी किंवा एसडी कार्ड, आणि ‘व्हीडीए’ दिसलं तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात.

इथे एक खड्डा आहे. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर एनव्हीएमई कंट्रोलर थेट दिसतच नाही. त्याऐवजी ‘रेड बस कंट्रोलर’ आणि ‘व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस’ असं नाव येतं. अशा मशीनवर नुसता एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालून भागत नाही, ‘व्हीएमडी’ चा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो ‘पीसीआय सपोर्ट’ च्या पोटात कंट्रोलर ड्रायव्हरांच्या यादीत असतो, स्टोरेजच्या मेनूत नाही, म्हणून शोधूनही सापडत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा सोपा उपाय, पण त्याच मशीनवर विंडोज असेल तर पूर्वतयारीशिवाय हे केल्यास तिकडचं बूट बंद पडतं.

याचंच थोडं जुनं भावंड म्हणजे बायोसमधला ‘रेड’ मोड. तिथे कर्नल स्वतःच सांगतो की रिमॅप केलेली एनव्हीएमई सापडली आहे, वापरायची तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. ‘डीमेसेज’ मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, अशी ओळ असेल तर ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका.

सोर्स आणि कॉन्फिगचा पाया

दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्या, उदाहरणार्थ ६.१२. दाबलेली फाइल साधारण १४० एमबीची असते, उलगडल्यावर दीड जीबीच्या आसपास जागा खाते. कंपाइल करायला ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘बायसन’, ‘फ्लेक्स’, ‘बीसी’ आणि एनकर्सेस, ओपनएसएसएल व लिबएल्फ यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात. एनकर्सेस विसरलं तर मेनू उघडत नाही.

कोऱ्या पाटीवरून सुरुवात करू नका. ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ आणि पुढे चालू कर्नलची आवृत्ती अशा नावाची फाइल असते. ती सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाने कॉपी करा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा. नव्या आवृत्तीत आलेल्या प्रश्नांना ते ठरलेली उत्तरं भरून टाकतं.

या कॉन्फिगमध्ये जगातल्या झाडून सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर असतात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ दिलं की त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे वेगळे तुकडे) सोडून बाकीची गळतात, आणि कंपाइलचा वेळ तासांवरून मिनिटांवर येतो. ‘त्या क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तर यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर गळतो. बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर यांचंही तसंच. तेव्हा आज्ञा देण्याआधी घरातलं जे जे लागणार ते सगळं एकदा जोडा, माउंट करा, मगच पुढे जा.

उबुंटूची कॉन्फिग वापरलीत तर कंपाइल सुरू झाल्या झाल्या प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणून थांबतं. कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ या दोन्ही किमती रिकाम्या करा. त्याच वेळी ‘कर्नल हॅकिंग’ मेनूतून डीबग माहिती बंद करा. ती चालू राहिली तर कंपाइलचं फोल्डर २० जीबीच्याही पुढे सहज जातं.

वाय की एम

‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडा. प्रत्येक ओळीच्या डाव्या कंसात तारा असेल तर तो भाग कर्नलमध्येच मुरलेला, ‘एम’ असेल तर वेगळं मॉड्यूल, रिकामा असेल तर नाही. ‘वाय’, ‘एम’ आणि ‘एन’ या कळांनी हे बदलतं. तिरकी रेघ दाबली की शोध चालतो. निकालापुढच्या कंसातला आकडा दाबला की थेट त्या जागी पोचता येतं. मेनू आवृत्तीनुसार इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे मार्ग पाठ करण्यापेक्षा शोध वापरा.

मॉड्यूलच्या फायली डिस्कवर असतात. साटाचा ड्रायव्हर मॉड्यूल केला, तर डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर डिस्कवर. दिवाडी बेटावर जायला फेरीबोट हवी आणि ती पलीकडच्या धक्क्याला बिनमाणसांची उभी, तसं हे. यातून वाट काढण्यासाठी इनिट्रॅमएफएस असतं. बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल मेमरीत आणणारा प्रोग्राम) कर्नलबरोबरच एक छोटी फाइलसिस्टिम मेमरीत आणून ठेवतो आणि त्यात ही मॉड्यूल असतात. वितरणांचे कर्नल याच जोरावर चालतात.

तुमच्या स्वतःच्या एका मशीनसाठी मात्र आमचा सल्ला सरळ आहे: रूट डिस्कपर्यंतची प्रत्येक कडी ‘वाय’ करा आणि इनिट्रॅमएफएसही राहू द्या. एक चुकलं तर दुसरं आधाराला असतं. ‘मेक लोकलयेसकॉन्फिग’ ने सगळंच एका फटक्यात ‘वाय’ होतं, पण ते टाळा. ग्राफिक्स आणि वायफायच्या ड्रायव्हरांना फर्मवेअरच्या फायली लागतात. ते कर्नलमध्ये मुरवले तर रूट माउंट होण्याआधीच फर्मवेअर मागतात आणि हात हलवत बसतात. स्टोरेज ‘वाय’, बाकीचं ‘एम’.

एकेक कडी

साटा असेल तर ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’ मध्ये ‘सीरियल एटीए अँड पॅरलल एटीए ड्रायव्हर्स’ ही ओळ ‘वाय’ करा, तिच्या आत ‘एएचसीआय साटा सपोर्ट’ ‘वाय’. कागदावर एटीए पिक्स लिहिलेलं असेल तर तोही. जुन्या पुस्तकांत ‘आयडीई सपोर्ट’ नावाचा वेगळा मेनू आणि ‘एचडीए’ नावाची डिस्क भेटते. तो जुना आयडीई भाग २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत कर्नलमधून काढून टाकला गेला. आता जुन्या आयडीई डिस्कही याच मेनूतून चालतात आणि ‘एसडी’ नावानेच येतात.

आता सर्वात जास्त लोक जिथे घसरतात ती कडी. लिनक्समध्ये साटा डिस्क स्कझीच्या (डिस्क जोडण्याच्या एका जुन्या पद्धतीच्या) थरातून दिसते. एटीए निवडलं की स्कझीचा गाभा आपोआप निवडला जातो, पण ‘स्कझी डिस्क सपोर्ट’ आपोआप येत नाही. ‘माझ्याकडे कुठली स्कझी डिस्क?’ म्हणून नवखा ती ओळ काढून टाकतो. परिणाम असा की कंट्रोलर सापडतो, केबलवर दुवा जुळतो, आणि ‘एसडीए’ मात्र कधीच जन्माला येत नाही. ‘स्कझी डिव्हाइस सपोर्ट’ मेनूत जाऊन ही ओळ ‘वाय’ आहे ना ते डोळ्यांनी पाहा. पेनड्राइव्हलाही हीच ओळ लागते.

एनव्हीएमईला स्कझीची गरज नाही. ‘एनव्हीएमई सपोर्ट’ मध्ये ‘एनव्हीएम एक्सप्रेस ब्लॉक डिव्हाइसेस’ एवढं ‘वाय’ पुरतं, वर सांगितलेला व्हीएमडीचा अपवाद सोडून.

यूएसबीवरून बूट करायचं असेल तर ‘एक्सएचसीआय’ होस्ट कंट्रोलर, ‘यूएसबी मास स्टोरेज’ आणि वेगवान बाह्य डिस्कसाठी ‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ असे तिन्ही हवेत, शिवाय बूटच्या ओळीत ‘रूटवेट’ हा शब्द. यूएसबी डिस्क ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. ‘रूटवेट’ नसेल तर कर्नल तेवढाही थांबत नाही. ईएमएमसीसाठी ‘एमएमसी’ मेनूतला ब्लॉक ड्रायव्हर आणि एसडीएचसीआयचा पीसीआय किंवा एसीपीआय प्रकार लागतो. व्हर्च्युअल मशीनला ‘व्हर्टायओ पीसीआय’ आणि ‘व्हर्टायओ ब्लॉक’.

पार्टिशन तक्ता ‘एनेबल द ब्लॉक लेयर’ च्या आत ‘पार्टिशन टाइप्स’ मध्ये असतो. नव्या मशीनना ‘ईएफआय जीयूआयडी’, जुन्यांना ‘पीसी बायोस’. दोन्ही ठेवा, जागा नगण्य जाते.

‘फाइल सिस्टिम्स’ मध्ये तुमच्या रूटची फाइलसिस्टिम ‘वाय’. व्हीफॅट विसरू नका, आणि तिच्याबरोबर ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’ मधली कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ ही दोन्ही. ती नसली तर रूट नीट माउंट होतं, पण ईएफआय पार्टिशन अडते आणि सिस्टिम ‘इमर्जन्सी मोड’ मध्ये जाऊन बसते. कारण अक्षरसंचाचं, लक्षण डिस्कचं, म्हणून माणूस भलत्याच मेनूत फिरत राहतो.

‘जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स’ मध्ये ‘डेव्हटीएमपीएफएस’ (‘डेव्ह’ फोल्डरमध्ये उपकरणांची नावं तयार करणारा भाग) आणि ते आपोआप माउंट करण्याचा पर्याय, दोन्ही चालू हवेत. ‘जनरल सेटअप’ मध्ये इनिशियल रॅम फाइलसिस्टिम चालू ठेवा आणि तिच्याखालच्या कंप्रेशनच्या यादीत ‘झेडएसटीडी’ आहे ना ते बघा. डेबियन आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या इनिट्रॅमएफएस त्याच पद्धतीने दाबतात. रूट एन्क्रिप्टेड किंवा एलव्हीएमवर (पार्टिशनांवर बांधलेल्या लॉजिकल डिस्कवर) असेल तर ‘डिव्हाइस मॅपर’ आणि ‘क्रिप्ट टार्गेट’ हवेत, आणि तिथे इनिट्रॅमएफएसला पर्याय नाही.

बाहेर पडण्याआधी ‘जनरल सेटअप’ मधल्या ‘लोकल व्हर्जन’ मध्ये एक छोटं शेपूट जोडा, ‘डॅश चाचणी१’ असं काहीतरी, अर्थात रोमनमध्ये. त्यामुळे तुमची मॉड्यूल वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि चालत्या कर्नलच्या मॉड्यूलवर ओरखडा येत नाही.

कंपाइल, आणि मध्येच गेलेली वीज

‘मेक’ ला ‘जे’ पर्याय आणि पुढे प्रोसेसरच्या गाभ्यांची संख्या द्या. लोकलमॉडकॉन्फिगनंतर चार गाभ्यांच्या मशीनवर हे काम चहा-पाव होईतो किंवा फार तर जेवण होईतो आटोपतं.

जून ते सप्टेंबर गोव्यात हे काम करताना यूपीएस नसेल तर वीज जाईल असंच धरून चाला. मध्येच बंद पडलं तर परत ‘मेक’ दिलं की ते राहिलेल्या ठिकाणाहून पुढे चालतं, पण एक गोम आहे. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या काही ऑब्जेक्ट फायली शून्य बाइटच्या राहतात. त्यांची तारीख ताजी, म्हणून ‘मेक’ ला वाटतं त्या झाल्या. शेवटी लिंकिंगला भलतीच चूक येते आणि कॉन्फिगवर संशय जातो. ‘फाइंड’ ने शून्य आकाराच्या ‘डॉट ओ’ फायली शोधून काढून टाका, किंवा सरळ ‘मेक क्लीन’ करा. ‘मेक एमआरप्रॉपर’ नको. ते कॉन्फिगही पुसतं.

मग आधी ‘मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल’ (शेवटचे दोन शब्द अंडरस्कोरने जोडून) आणि त्यानंतर ‘मेक इन्स्टॉल’, दोन्ही ‘सुडो’ ने. हा क्रम उलटा झाला तर इनिट्रॅमएफएस बनताना मॉड्यूल जागेवर नसतात आणि ते पोकळ बनतं. मॉड्यूलच्या आज्ञेला ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ (हे मात्र मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोरने जोडून) बरोबर १ ही किंमत जोडा. नाहीतर डीबगच्या ओझ्यासकट इनिट्रॅमएफएस शेकडो एमबीचं होतं आणि छोटी ‘बूट’ पार्टिशन भरते. भरलेल्या पार्टिशनवर अर्धवट लिहिलेलं इनिट्रॅमएफएस हे पॅनिकचं आणखी एक कारण. वीज जायची भीती असेल तर निदान या दोन आज्ञा लॅपटॉपच्या बॅटरीवर किंवा इन्व्हर्टरवर उरका.

जुना कर्नल काढू नका. हे वेगळं सांगायला नको, तरी जागा कमी पडली की पहिला हात तिकडेच जातो.

पहिलं बूट

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल ग्रब हा बूटलोडरच नाकारतो. चाचणीपुरतं बायोसमधून ते बंद करा. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू उघडा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून नवा कर्नल निवडा.

मशीन दुसऱ्या गावी असेल, समजा तुम्ही पणजीत आणि सर्व्हर डिचोलीच्या कार्यालयात, तर ग्रबच्या कॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट’ ची किंमत ‘सेव्ह्ड’ करा, जुना कर्नल डिफॉल्ट ठेवा आणि ‘ग्रब-रीबूट’ ने नवा कर्नल एकाच खेपेसाठी लावा. त्या नव्या कर्नलच्या बूट-ओळीत ‘पॅनिक बरोबर ३०’ घाला. पॅनिक झालाच तर ३० सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्या कर्नलवर येतं आणि डिचोलीची खेप वाचते.

रूटची ओळख ‘यूयूआयडी’ ने (फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाने) दिलेली असेल तर ती सोडवण्याचं काम इनिट्रॅमएफएसचं असतं. एकट्या कर्नलला ती कळत नाही. इनिट्रॅमएफएसशिवाय बूट करायचं तर ‘पार्ट-यूयूआयडी’ (पार्टिशनचा ओळखक्रमांक) द्या. ती ‘बीएलकेआयडी’ आज्ञेने मिळते. दोन्ही दिसायला सारख्या लांबीच्या असल्यामुळे चुकीची चिकटवली जाते, तेव्हा नाव वाचून उचला.

पॅनिक वाचायचा कसा

पॅनिकचा फोटो काढा आणि ‘अननोन-ब्लॉक’ पुढच्या कंसातले दोन आकडे पाहा. (०,०) असेल तर कर्नलला ते उपकरण सापडलंच नाही: ड्रायव्हर नाही किंवा रूटचं नाव चुकलं आहे. (८,२) असेल तर ८ म्हणजे ‘एसडी’ डिस्क आणि २ म्हणजे पहिल्या डिस्कची दुसरी पार्टिशन. डिस्क दिसली, पार्टिशनही दिसली, फाइलसिस्टिम वाचता आली नाही. एनव्हीएमईच्या पार्टिशनना पहिला आकडा २५९ येतो.

त्याच्या थोडं वर उपलब्ध पार्टिशनची यादी छापलेली असते. यादी कोरी असेल तर कंट्रोलरकडे किंवा स्कझी डिस्कच्या ओळीकडे जा. यादीत अख्खी डिस्क आहे पण पार्टिशन नाहीत, तर पार्टिशन तक्ता. सगळं नीट दिसतंय आणि नाव मात्र जुळत नाही, तर दोष बूटच्या ओळीत.

यादी कोरी असताना आणखी वर ‘एटीए१’ ने सुरू होणारी ओळ शोधा. ‘साटा लिंक अप ६.० जीबीपीएस’ असं लिहिलेलं आहे आणि त्यानंतर ‘एसडीए’ ची ओळ नाही, तर ‘स्कझी डिस्क सपोर्ट’ राहिलं. सगळं बरोबर असेल तर तिथे ‘९७६७७३१६८ ५१२-बाइट लॉजिकल ब्लॉक्स’ आणि कंसात ५०० जीबी, ४६६ जीआयबी अशी ओळ दिसते. हे आकडे ५०० जीबीच्या डिस्कचे. ‘लिंक डाउन’ असेल आणि जुन्या कर्नलवरही तेच येत असेल, तर कॉन्फिगमध्ये काही नाही, डबा उघडा. कळंगुट, बाणावली अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या दमट हवेने साटाच्या जोडणीवर गंज चढतो. केबल काढून पुन्हा बसवा किंवा बदला. ‘स्मार्टसीटीएल’ (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) मधला १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी चुकांची मोजणी, वाढत असेल तर दुखणं केबलचंच. केबल बदलली तरी तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

बूट झालं की ‘यूनेम’ ला ‘आर’ देऊन शेपूट तुमचंच आहे ना ते बघा, ‘एलएसबीएलके’ ची यादी कागदाशी ताडा आणि एकदा पेनड्राइव्ह लावून पाहा. मग ती ‘डॉट कॉन्फिग’ फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.